गोठ्यावरचा मामा

"सर, चोर दुसऱ्या देशात जाऊन बसला, तर तुम्ही त्याला इथूनच टाटा करता का?"

प्रश्न माझा नव्हता. रुचिकाने पैज लावली होती, "विचारून दाखव, चेतना, आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन." गेल्या वर्षीची मी असते तर बाकाखाली घुसले असते. पण वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आल्यापासून माझ्या घशाला ब्रेकच नाही. उठले आणि विचारलं! शहाद्याच्या आमच्या शाळेचा अख्खा हॉल हसला. मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले.

सायबर गुन्ह्यांची माहिती द्यायला आलेले फौजदार वीरसिंग पावरा मात्र हसले नाहीत.

"टाटा नाही करत," ते म्हणाले. "पण विमानात बसून बेड्या घालायलाही जाता येत नाही. तिथं आपला कायदा चालत नाही. म्हणून देश आपसात करार करतात. तुमचा गुन्हेगार आमच्याकडे असेल तर आम्ही शोधू, आमचा तुमच्याकडे असेल तर तुम्ही शोधा. आमचा कागद नंदुरबार, मुंबई, दिल्ली करत तिकडच्या पोलिसांपर्यंत जातो. पण त्यातला पहिला कागद इथल्या ठाण्यात तयार होतो. नोकरीच्या नावाखाली पोराला इथून कोणी पाठवलं, एवढं तरी त्यात लागतं. आणि तेवढं सांगायला या तालुक्यात कोणाची जीभ उचलत नाही."

टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. ती जीभ माझ्या घरातली होती.

आमच्या शेजारच्या उखाकाकांचा कुंदन आठ महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवरच्या नोकरीला म्हणून थायलंडला निघाला आणि पोहोचला सीमेपलीकडे म्यानमारमध्ये. तिथं पासपोर्ट काढून घेतला, तारेच्या कुंपणात कोंडलं. काम काय, तर फोनवरून लोकांना फसवायचं. नाही म्हटलं की मार. एवढंच तो चोरून केलेल्या एका फोनवर आईला, मंगलाकाकूंना, सांगू शकला. त्यालाही दीड महिना झाला.

त्याला पाठवलं माझ्या सख्ख्या मामाने. गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण उखाकाका तक्रार करायला गेले तेव्हा नवनीतमामा ठाण्यात म्हणाला, "बहिणीच्या शेजारचा पोरगा म्हणून ओळखतो, बाकी माझा काय संबंध?" स्वतःचं सिमकार्ड त्याने आधीच फेकलं होतं. कुंदनचा मोबाइल तिकडे. उखाकाका हात हलवत परत आले, आणि तेव्हापासून मंगलाकाकू ओट्यावर दिसल्या की माय दार आपटते.

आता आमच्याकडची रीत ऐका. कोणी दहावी पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. कुंदन तर परदेशात चाललेला! मामाने स्वतः तीन फ्लेक्स लावले. वर विमान, मध्ये हार घातलेला कुंदन, 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली 'मार्गदर्शक' म्हणून गॉगलमधला मामा, नंबरासकट. म्हणजे अजून पोरं यावीत. बातमी फुटल्यावर त्याने दोन गुपचूप उतरवले. तिसरा सापडेना. सापडणार कसा? तो वाऱ्याने सुटला होता आणि बाबांनी उचलून गोठ्याच्या फुटक्या पत्र्याखाली ताणून बांधला होता, छापलेली बाजू खाली. मामा दर रविवारी येतो, दहा पावलांवर खाटेवर बसून जेवतो, पण पांढऱ्या बुटांना शेण लागेल म्हणून गोठ्यात पाय घालत नाही. मला मात्र म्हशीला पाणी पाजताना तो फ्लेक्स रोज दिसायचा. पुरावा म्हणून कधी दिसला नव्हता, एवढंच.

त्या दिवशी घरी आले ती सरळ गोठ्यात. शिडी लावली, विळ्याने दोऱ्या कापल्या.

"काय करी ऱ्हायनी व तू?" माय मागे उभी.

हा फ्लेक्स ठाण्यात नेऊन दाखवणार, मी सांगितलं. तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला.

"तुन्हा सख्खा मामा शे तो! त्याले जेलमा धाडशी?"

"कुंदन आते जेलमाच शे, माय."

"कुंदन मन्हा पोटना नही!" तिने फ्लेक्सचं टोक धरून ओढलं. मी सोडलं नाही. म्हैस दोरी ताणून बिथरली. भिंतीपलीकडे मंगलाकाकू येऊन उभ्या होत्या. माय तिकडे वळून कडाडली, "काय देखी ऱ्हायनी? तुन्हाच पोरगाले हाव व्हती!"

काकू फ्लेक्सवरच्या कुंदनकडे बघत होत्या. त्यांच्या घरात त्याचा एवढा मोठा फोटो नाही.

तेवढ्यात बाबा मिरचीच्या पथारीवरून आले. दिवसभर वाळत्या मिरच्या पालथ्या घालून डोळे लालभडक.

"फाडी टाक ते," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी फ्लेक्सच्या खालच्या ओळीवर बोट आपटलं. तिथं 'शुभेच्छुक' म्हणून छोटे छोटे चेहरे होते. पहिले बाबा, दुसरी माय. "हाई देख! पोलीस पहिले माले लई जातीन. मामानं जाऊ दे, बापनं त्वांड काळं करशी?"

"गई ना तू," माय म्हणाली, "तर हाऊ उंबरा तुले बंद."

मी फ्लेक्स गुंडाळला, काखेत धरला आणि घरात कधी न बोललेली शाळेची मराठी काढली, म्हणजे आवाज कापणार नाही.

"त्या ओळीत तिसरी मी आहे, बाबा. दोन वेण्या, सगळे दात बाहेर. त्याला जा म्हणून मीही शुभेच्छा दिल्यात. उद्या सकाळी सातच्या बसने मी उखाकाकांबरोबर ठाण्यात जाणार आणि पावरासाहेबांसमोर हे उलगडून मामाचं नाव सांगणार. तुम्ही आलात तर तुमचं तुम्ही सांगा, नाही आलात तर तुमचंही मीच सांगेन. मामाला आत्ता फोन करायचा तर खुशाल करा. आणि दप्तराची काळजी नको, ते रुचिका वाहणार आहे. माझे दोन्ही हात याला मोकळे आहेत."