आतून लावायची कडी

इमारतीच्या मागच्या बाजूला कोणीतरी गात होतं. आवाज पुरुषाचा, सूर जेमतेम, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा. टिपणीस मॅडमनी कान देऊन ऐकलं.

"इथे गाण्यांचं रेकॉर्डिंगही होतं का?"

चंद्रप्रकाशने हातातली सिनेमाची फीत टेबलावर ठेवली. "नाही मॅडम. तो आमचा माणिक. माझा असिस्टंट."

"मग गातो कशाला?"

"असंच," असं म्हणून त्याने घाईघाईने चहाचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "चहा घ्या ना. गार होईल."

"नको. मी बाहेर चहापाणी घेत नाही."

हे वाक्य मॅडम इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या की त्यात आता काही राहिलं नव्हतं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाचा कप नव्हता. नवे प्राध्यापक त्यांना सोवळ्याच्या समजत, आणि मॅडम ते समजू देत.

गोरेगाव पूर्वेला एका स्टुडिओच्या मागे ही दुमजली इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर चंद्रप्रकाश सिनेमे जोडायचा. जोडायचा हा मॅडमचा शब्द. तो स्वतःला एडिटर म्हणवत असे. मॅडम बोरीवलीच्या कॉलेजात इतिहास शिकवत. निवृत्ती जवळ आल्यावर प्रिन्सिपॉलनी त्यांच्याकडे विद्यार्थ्यांच्या व्यवसाय मार्गदर्शनाचं काम दिलं होतं. काम म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात बँकेच्या परीक्षांचे अर्ज, विम्याच्या कचेरीचे अर्ज आणि टायपिंगच्या क्लासची पत्रकं. मूल आलं की अर्ज काढून द्यायचा आणि सही कुठे करायची ते दाखवायचं.

जयंती धुरी त्या कपाटापाशी आली आणि तिने अर्ज मागितलाच नाही. ती शेवटच्या वर्षाला होती. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मालिका बघताना तिला एक गोष्ट दिसली होती. बोलणारा माणूस एक असतो, पण मधेच आपल्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात, आणि तोही नेमका वेळेवर. तिने विचारलं, "मॅडम, हे कोण ठरवतं? आणि ते शिकायला कुठे जायचं?"

मॅडमना ठाऊक नव्हतं. उत्तर येत नाही आणि ते शोधल्याशिवाय चैनही पडत नाही, असा प्रश्न विद्यार्थ्याकडून फार वर्षांनी आला होता. त्या आठवडाभर ज्याला त्याला विचारत सुटल्या. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, मॅडम आता सिनेमात निघाल्या. मॅडम हसल्या आणि त्यालाही विचारलं. शेवटी स्टुडिओच्या हिशेब खात्यात लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने चंद्रप्रकाशचं नाव दिलं. त्याला शिकाऊ मदतनीस हवा होता आणि मुलगी चालणार होती.

अडचण होती ती जयंतीच्या वडिलांची. शिवदास धुरी मूळचे मालवणकडचे. गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी उघडली नाही, तेव्हापासून बोरीवलीतल्या सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. ते कॉलेजात आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "बाई, माका त्या लायनीतला काय कळणा नाय. तुमी एकदा जावन बघून येवा. तुमी बरा म्हणशात तर बरा."

म्हणून मॅडम आल्या होत्या. 'बरा' या एका शब्दासाठी त्यांना सगळं बघायचं होतं.

आणि बघण्यासारखं खूप होतं. टेबलावर दोन मोठ्या चकत्या, त्यांच्यामध्ये वहीएवढा पडदा. बाजूला आतून कापड लावलेला मोठा पेटारा, आणि त्याच्यावरच्या खिळ्यांना टांगलेले फितीचे असंख्य तुकडे. चंद्रप्रकाशच्या हातात पांढरे सुती मोजे. मोजे कशाला, हे मॅडमनी विचारलं. कापल्यावर जोडता कशाने, आवाज वेगळा आणि चित्र वेगळं असेल तर दोन्हीची गाठ कशी घालता, चुकीचं कापलं तर काय होतं, हेही विचारलं. चंद्रप्रकाश आधी त्रोटक बोलत होता, मग खुलला. त्याला हे सगळं इतक्या आवडीने कोणी विचारलं नसावं.

"हे बघा," तो म्हणाला. पडद्यावर एक बाई दारात आली. उंबऱ्यात थांबली. मग आत आली आणि पिशवी खाली ठेवली. त्याने फीत मागे घेतली, दोन जागी पेन्सिलीने खूण केली, कापली, चिकटवली आणि पुन्हा चालवली. "काय बदललं सांगा."

असे प्रश्न विचारण्यात मॅडमचा जन्म गेला होता. उत्तर द्यायची पाळी आल्यावर त्यांना गंमत वाटली. त्यांनी पुन्हा एकदा चालवायला सांगितलं.

"मघाशी ती घाबरली होती," त्या सावकाश म्हणाल्या. "आता ठरवून आली."

"बाई तीच आहे, मॅडम. चालपण तीच. मी फक्त तिचं थांबणं काढलं."

"आणि तो तुकडा? टाकून देणार?"

"छे." त्याने त्यावर नंबर टाकला आणि तो पेटाऱ्यावरच्या खिळ्याला अडकवला. "असं सगळं सांभाळायचं, ते मुलीचं पहिलं काम. डायरेक्टरचं मन बदललं की मागतो."

मॅडम त्या लोंबणाऱ्या तुकड्याकडे बघत राहिल्या. जागा बरी होती. माणूस नीट शिकवणारा होता. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत मुलगी घरी पोचेल, असं त्याने कबूल केलं होतं. खाली चौकीदार होता. आता एकच विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारायला मॅडमना या वयातही जरा बळ आणावं लागलं.

"बाथरूम कुठे आहे?"

चंद्रप्रकाश गडबडला. मागच्या बाजूला आहे, पण मॅडमनी समोरच्या मेकअपरूममध्ये जावं, तिथली चावी मागवतो, असं काहीतरी म्हणाला. मॅडम उठल्या आणि स्वतःच मागे गेल्या. दार होतं. लाकडाचं, खालून कुजलेलं. आत स्वच्छता बऱ्यापैकी होती. दार लावायला मात्र आतून काही नव्हतं. कडी होती तिथे चार भोकं उरली होती.

त्या परत आल्या तेव्हा माणिकही टेबलापाशी आला होता. विशीतला, हसऱ्या तोंडाचा. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना एकदम उलगडलं.

"म्हणून गात होतास होय रे?"

माणिक लाजला. चंद्रप्रकाश म्हणाला, "आमच्याकडे तशी पद्धत पडलीये मॅडम. आत जो असेल त्याने गायचं. गाणं ऐकू आलं की बाकीचे थांबतात. कडी कधी पडली ते कोणाला आठवत पण नाही. गाण्यावर भागतं ना."

"आणि जयंतीने काय गायचं?"

माणिकने चंद्रप्रकाशकडे पाहिलं. मग चंद्रप्रकाश जरा दुखावल्यासारखा म्हणाला की एवढ्याशा गोष्टीवरून मुलीला अडवू नका. काम कोणी असं हातात देत नाही. सोमवारी नवीन पिक्चर सुरू होतंय, तेव्हा माणूस लागेलच, आणि एक मुलगा येऊन विचारूनही गेलाय. मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत सांगते."

दुसऱ्या दिवशी धुरी आणि जयंती कपाटापाशी बसले होते. मॅडमनी सगळं सांगितलं. मोजे कशाला घालतात, तुकडे का सांभाळतात, उंबऱ्यातली बाई, चौकीदार. जयंतीचे डोळे मोठे होत गेले. धुरी मान हलवत होते. ते निम्मं ऐकत होते आणि निम्मं मॅडमचा चेहरा वाचत होते.

सांगणं संपलं. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण धुरींनी आपले डोळे म्हणून मॅडमना पाठवलं होतं.

"एक गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "बाथरूमला आतून कडी नाही. सगळे पुरुष आहेत, त्यांचं चालून जातं."

धुरींनी मान खाली घातली. परक्या बाईच्या तोंडून मुलीबद्दल असलं ऐकल्यावर बापाने कुठे बघावं, ते त्यांना कळेना. जयंतीचा चेहरा लाल झाला.

"मॅडम, हे सांगायलाच हवं होतं का?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी दिवसभर पाणीच नाही पिणार. त्यात काय एवढं."

मॅडमनी कपाटाचं दार उगाच पुढे ओढलं. पुन्हा उघडलं.

"मीपण तेच केलं होतं गं," त्या म्हणाल्या.

जयंतीला कळलं नाही. मॅडम शांतपणे, वर्गात एखादी सनावळी सांगावी तशा सांगत गेल्या. तिच्याएवढ्या असताना त्यांना गिरगावात एका दैनिकात नोकरी लागली होती. आलेल्या बातम्या निवडायच्या आणि त्यांना मथळे द्यायचे. कचेरीत बाई त्या एकट्याच. छापखान्याच्या मागे जी सोय होती ती सगळ्या पुरुषांची, आणि तिथे जायचं कसं, हे विचारावं कोणाला? म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून पाणी बंद. चहा आला की म्हणायचं, मी बाहेर काही घेत नाही.

"काम आवडायचं?" जयंतीने विचारलं.

"फार. संपादक म्हणायचे, या मुलीच्या मथळ्यात एक शब्द जास्त नसतो."

"मग?"

"दिवाळी अंकाच्या सुमाराला आजारी पडले. मूत्रपिंडाला सूज. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? मी म्हटलं, भरपूर." मॅडम किंचित हसल्या. "घरी सांगितलं, वर्तमानपत्र माझ्या स्वभावाला मानवत नाही. मग एमए केलं आणि शिकवायला लागले. शिकवणं आवडलं, ते खोटं नाही."

खिडकीखालच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. धुरींची मान अजून खालीच होती. जयंतीला वाटलं, संपलं. आता बाबा उठतील, नमस्कार करतील आणि घरी गेल्यावर बँकेच्या परीक्षेचं काढतील.

धुरींनी मान वर केली.

"बाई, दार लाकडाचा काय पत्र्याचा?"

"लाकडाचं. खालून कुजलंय."

"वर बरा आसा मां?"

"वर घट्ट आहे. जुनी भोकं आहेत."

"मगे भोका सोडून लावक व्हयी. मोठे स्क्रू घेतंय." ते उठले. "शनिवारी माका सुट्टी आसा."

शनिवारी तिघं गोरेगावला गेली. धुरींच्या कापडी पिशवीत पितळेची कडी, स्क्रू, पेचकस आणि हाताने फिरवायचं ड्रिल होतं. चंद्रप्रकाशला आधी ओशाळल्यासारखं झालं. मालकाला सांगून मीच केलं असतं, असं तो दोनदा म्हणाला. धुरींनी त्याला दार धरायला लावलं. मग तो दार धरून उभा राहिला. काम चालू असताना धुरी जिना, कठडा, विजेची बटणं, माणिकचे कपडे, सगळं नजरेखालून घालत होते. विचारलं मात्र काहीच नाही.

आतल्या खोलीत जयंती मोजे घालून टेबलापाशी बसली होती. माणिकने तिला उंबऱ्यातल्या बाईचा तो प्रसंग दाखवला. आधी जोडलेला, मग टांगलेला तुकडा परत घालून. तिने दोन्ही पाहिले, पुन्हा पाहिले.

"थांबलेलीच बरी होती," ती म्हणाली.

चंद्रप्रकाश दाराकडून ओरडला, "काय म्हणतेस?"

"ती थांबते म्हणून तर तिचं आत येणं दिसतं."

चंद्रप्रकाशने धुरींकडे पाहिलं, जणू तक्रार त्यांच्याकडे करायची होती. मग म्हणाला, "आली नाही तोवर सुरू. बघू सोमवारी."

कडी बसली. धुरींनी ती चार-पाच वेळा सरकवून पाहिली, भुसा फुंकला आणि बाजूला झाले. पहिला मान माणिकने घेतला. आतून खट् असा आवाज आला आणि पाठोपाठ गाणं सुरू झालं.

"अरे, कडी लागली ना आता. गप की," चंद्रप्रकाश म्हणाला.

"सवय आहे यार," आतून उत्तर आलं आणि ओळ पुढे चालू झाली. धुरी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

माणिक बाहेर आल्यावर ते मॅडमकडे वळले. "बाई, तुमी एकदा बघून घेवा. हाताक जड जाता काय ता."

मॅडम आत गेल्या. दार लोटलं, कडी सरकवली. ती सहज सरकली. बाहेर कोणीतरी पेचकस पिशवीत टाकला, चंद्रप्रकाश काहीतरी बोलला, माणिक हसला. त्या कडीवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. दार कोणी ढकललं नाही. आणि त्यांना गावंही लागलं नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा चहा आला होता. चंद्रप्रकाशने धुरींना आणि जयंतीला ग्लास दिले, तिसरा जयंतीजवळ ठेवला, चौथा स्वतः घेतला, पाचवा माणिकला दिला. मॅडमना विचारलंच नाही. त्या घेत नाहीत, हे त्याच्या लक्षात होतं. तिसरा ग्लास कोणाचा म्हणून जयंती इकडेतिकडे बघत होती. तो चौकीदारासाठी होता.

"तो मला दे," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यासाठी दुसरा मागवा. आणि आधी थोडं पाणी."

जयंतीने माठातलं पाणी आणून दिलं. मॅडम ते उभ्यानेच प्यायल्या. मग खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या, पदराने चहाचा ग्लास धरला आणि सावकाश, तळाशी राहिलेल्या साखरेपर्यंत तो चहा संपवला.