मुक्या मिस्त्रीची बिनतारी बोट

बिनतारी खात्याचा साहेब नागपूरच्या गाडीनं गोंदियाला उतरला आणि जीपनं फुलचूरकडे निघाला, अशी खबर गिरणीतल्या बिसरामनं आणली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. गोमती हातातला झाडू टाकून रस्त्यापर्यंत जाऊन बघून आली. तिचा नवरा दुधराम मात्र अंगणात उकिडवा बसून चार फुटांच्या बोटीचा पंखा फडक्यानं पुसत होता. पुसलेलाच पंखा पुन्हा पुसत होता. माणूस घाबरला की असंच करतो, पण घाबरलो हे त्याच्या तोंडून ऐकायचं भाग्य कोणाला? धानाच्या गिरणीत सगळे त्याला मुका मिस्त्रीच म्हणायचे.

मुका नव्हता हो तो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी फौजेत गेला तेव्हा चांगला बडबड्या होता, दंडारीत लुगडं नेसून नाचायचा आणि अख्ख्या गावाला हसवायचा. फौजेनं त्याला बिनतारी यंत्र शिकवलं आणि ब्रह्मदेशाच्या रानात धाडलं. तिथं एका टेकडीवर वेढ्यात सापडल्यावर यानं तीन दिवस यंत्रावरून मदतीसाठी हाका मारल्या आणि समोरून कोणी उत्तर दिलं नाही. गोमतीला एवढंच ठाऊक होतं, तेही त्याच्यासोबत परतलेल्या एका शिपायानं सांगितलं म्हणून. सेहेचाळीस साली दुधराम घरी आला तो 'हव' आणि 'नाही' एवढे दोन शब्द घेऊन. सासरच्या बाया म्हणाल्या, बाहेरची बाधा आहे, उतारा काढ. गोमतीनं तोही काढला. नारळ वाया गेला, दुसरं काय होणार!

दोन वर्षांपूर्वी ही बोट सुरू झाली. शिवणीच्या हलक्या लाकडाची, पेट्रोलच्या इंजिनाची. मुठीएवढं ते इंजिन त्यानं गिरणीच्या लेथवर स्वतः कातलं. बिनतारीचं सामान कलकत्त्याच्या जुन्या लष्करी मालाच्या बाजारातून पार्सलनं मागवलं. याच्या हातात एक पेटी, पेटीवर एक बटण. बटण दाबलं की तिकडे बोटीतल्या डब्यात एक बारीक पोलादी पट्टी टक् करून हलायची आणि पिळलेल्या रबराच्या जोरावर सुकाणू फिरायचं. आधी डावीकडे, मग सरळ, मग उजवीकडे, मग परत सरळ. जुळणी करायच्या वेळी दुधराम पेटी घेऊन बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पारीवरून बांधाबांधानं लांब लांब जायचा आणि गोमती काठावर बोट धरून बसायची. सुकाणू हललं की तिनं हात वर करायचा, नाही हललं तर खाली ठेवायचा.

पहिल्यांदा दोनशे पावलांवरून सुकाणू हललं आणि गोमतीचा हात वर गेला, तेव्हा दुधराम पारीवरून धावत आला. "आयकते वो," म्हणाला. "हे आयकते."

फौजेतून आल्यापासून त्यानं आपणहून काढलेले हे पहिले शब्द. गोमती त्या दिवशी चुलीपाशी बसून पोटभर रडली. त्यानंतर घरात बोटीपुरतं का होईना बोलणं आलं. पेट्रोलाची सुई अर्धा आटा ढिली कर, ठिणगी उशिरा पडून राहिली, डब्यात ओल आली. तिला त्यातलं निम्मंही समजत नव्हतं, पण ती असं कान देऊन ऐकायची की कीर्तनात कोणी ऐकणार नाही.

आणि मग माशी शिंकली. फुलचूरच्या श्यामलाल शेठच्या रेडिओत संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी खरखर व्हायला लागली. शेठनं नागपूरला अर्ज ठोकला. तिकडून उलट टपाली नोटीस आली: विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे, अधिकारी पाहणीला येतील. बोट ताब्यात राहून पाण्यातल्या खुणेला वळसा घालून परत आली तर परवान्याची शिफारस होईल, नाहीतर यंत्र जप्त. पोस्टमननं नोटीस वाचून दाखवली तेव्हा दुधराम 'हव' म्हणाला आणि आठ दिवस त्यापलीकडे काहीच बोलला नाही. गोमती काय समजायचं ते समजली. पेटी गेली की माणूसही गेला. यावेळी गेला तर परत यायचा नाही.

म्हणून तिनं आपल्या अकलेनं एक काम केलं. मागच्या रविवारी बोटीच्या डब्यात पाणी शिरलं होतं, कडेच्या फटीतून. तिचं माहेर चिचगडचं. तिकडे पळसावरची लाख घरोघरी. आईनं विळ्याची मूठ लाखेनं बसवावी, गळक्या घागरीची चीर लाखेनं बुजवावी, हे बघतच ती वाढली. काल दुपारी दुधराम गिरणीत गेला असताना तिनं लाख निखाऱ्यावर धरली, तिची तार ओढली आणि डब्याच्या आतल्या कडेला सगळीकडून बसवली. पाण्याचा थेंब शिरायची बिशाद नव्हती. त्याला सांगितलं नाही. आता सांगायची सवयच जिथं मोडली, तिथं सांगणार कशी? तिला वाटलं, दिसेल त्याला.

साडेदहाला सगळे बोडीवर पोचले. साहेब म्हणजे चष्मेवाला, सडपातळ, बोलायला सभ्य माणूस, पण सभ्य माणसाच्या हातातला कागदही कागदच असतो. पारीवर श्यामलाल शेठ छत्री घेऊन हजर, गिरणीतले चारपाच जण हजर. पाण्यात बांबू रोवलेला. त्याच्या पलीकडे शिंगाड्याचे वेल पसरले होते, आणि मासेमार ढिवरांच्या वच्छलाबरोबर तीन बाया कमरेला मडकी बांधून शिंगाडे तोडत होत्या. बांबूच्या अलीकडे येऊ नका, असं गोमतीनं तिला सकाळीच बजावलं होतं.

साहेबानं विचारायला सुरुवात केली. यंत्र कोणी बनवलं, किती अंतर चालतं, बॅटरी कुठली. दुधराम खाली बघत उभा. गोमतीनं पटापट उत्तरं दिली, अकरा वर्षं तिचं हेच तर काम होतं. साहेबानं दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, तुम्ही चांगलं सांगता. पण यंत्र चालवणार हे. यांनी सांगायला पाहिजे."

दुधरामच्या ओठांची हालचाल झाली, आवाज आला नाही. साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं. गोमतीला वाटलं, त्या पेन्सिलीचं टोक मोडावं.

मग दुधरामनं इंजिनाच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं आणि गोमतीच्या नाकात वास घुसला. मोहाची दारू. पहिल्या धारेची. आजच्या दिवशी हा पिऊन आला की काय? साहेबाच्याही नाकपुड्या फुगल्या. मागं उभा बिसराम तोंड दाबून हसला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वास माणसाला नाही, बोटीला आहे. पेट्रोलात वंगणासाठी एरंडेल टाकायचं, आणि ते मेलं दर वेळी तळाशी बसायचं, इंजिन घुसमटायचं. म्हणून दुधरामनं बिसरामकडून मोहाची आणवून, दोनदा गाळून, कळीच्या चुन्यानं तिच्यातलं पाणी मारून पहाटे टाकीत मिसळली होती. त्यानं एरंडेल एकजीव झालं. बिसरामनं हे सगळं तिला कानात सांगितलं. ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं नव्हतं. टाकीच्या नळीखाली ओल दिसत होती, ती मात्र कोणी मनावर घेतली नाही.

दुधरामनं दोरी ओढली. एकाच ओढीत इंजिन पेटलं, असं गोड पेटलं की गिरणीतले लोक वा वा म्हणाले. गोमतीनं बोट पाण्यात सोडली. बोट पाणी कापत सरळ बांबूकडे निघाली. दुधरामनं बटण दाबलं, डावीकडे. पुन्हा दाबलं, सरळ. बांबूच्या पुढं जाऊन उजवीकडे वळली आणि अर्धा वळसा पुराही झाला. गोमतीचा हात आपोआप वर गेला. साहेबानं मान हलवली, शेठनं छत्री मिटली.

आता एकदा दाबायचं की सुकाणू सरळ आणि बोट घरी. दुधरामनं दाबलं. सुकाणू तसंच राहिलं. बोट वळतच गेली, गोल फिरून तिचं तोंड पुन्हा बांबूकडे झालं. पुन्हा दाबलं. या खेपेला सुकाणू हललं, सरळ झालं, आणि बोट बांबूच्या पलीकडे सुसाट निघाली. पलीकडे बाया होत्या.

दुधरामनं दाबलं. दाबलं. पाच वेळा, सहा वेळा. गोमतीचा हात खाली आला होता आणि तिला तो उचलता येत नव्हता. लोखंडी पंखा, पुरा वेग, आणि वच्छला पाठमोरी वाकलेली. इंजिनाच्या आवाजाची तिला सवय झाली होती, ती कशाला वळून बघते! श्यामलाल शेठ कोणाला तरी काहीतरी करा म्हणत होता. दुधरामचा अंगठा पांढरा पडला होता. तो बटण दाबतच राहिला, डोळे बोटीवर, चेहरा राखेसारखा.

तेवढ्यात पेटी खाली पडली.

"वच्छला!" दुधराम ओरडला. "मांगं पाह्य! डावीकडे सरक, मडका सोड!"

असा आवाज त्या बोडीवर कोणी ऐकला नव्हता. वच्छला वळली. तिनं ऐकलं. कमरेची गाठ सोडून तिनं डावीकडे अंग टाकलं, आणि ती उभी होती तिथून हातभर अंतरावरून बोट गेली, तिच्या मडक्याला धडकली, मडकं फुटलं, आणि बोट शिंगाड्याच्या वेलात घुसली. पंख्याला वेल गुंडाळले. इंजिन एकदा किंचाळलं आणि बंद पडलं.

वच्छलानं पाण्यातून डोकं वर काढून दुधरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुठलीच शिवी गोमतीला जन्मात इतकी गोड लागली नव्हती.

बोट काठावर आणली. दुधरामनं डब्याचं झाकण काढलं. आतून तपकिरी चिकट लाळ लोंबत होती आणि ती पोलादी पट्टी तिच्यात अडकून बसली होती. गोमतीनं त्या लाळेला करंगळी लावली, नाकाशी नेली, तर मोहाचा वास. तिला कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. लाख दारूत विरघळते हे चिचगडच्या पोरीला नाही तर कोणाला ठाऊक असणार?

"साहेब, चूक माही हाय," ती म्हणाली. "लाख मी लावली. याईले म्हाईत नव्हतं."

साहेबानं पेन्सिल उचलली. आणि दुधराम मधे बोलला.

"तिची नाही जी." आवाज खरखरीत होता, ओरडून बसलेला. "पेट्रोल लाखेले काही करत नाही. मोहाचं स्पिरिट मी टाकलं. नळी गळून राहिली होती, सकाळपासून डब्यावर ठिपकून राहिली होती. तिले सांगतलं असतं, तर तिनंच मले अडवलं असतं." तो थांबला. सगळ्यांना वाटलं, झालं. "मी सांगत नाही जी. माहं तेच चुकते."

साहेबानं चष्मा काढून पुसला. वास आला तेव्हा तुम्ही पिऊन आलात असं वाटलं होतं, माफ करा, म्हणाला. पण पाण्यात माणसं असताना यंत्र हाताबाहेर गेलं, हे त्याला लिहावंच लागणार होतं. पेटीची हाक थांबली की इंजिन आपोआप बंद पडेल अशी काही सोय करा आणि नवा अर्ज द्या, असं त्यानं समजावून सांगितलं. मग पेटी उचलून जीपमध्ये ठेवली. नियमाला हृदय नसतं आणि साहेबाला नोकरी असते. जीप गेली, शेठ गेला, गिरणीतले लोकही पांगले.

गोमती पारीवर उभी राहिली. तिला घरी जायचं धाडस होत नव्हतं. घरी गेलं की भाकर वाढायची, आणि तो 'हव' म्हणणार किंवा 'नाही' म्हणणार. पेटी गेली, म्हणजे सगळं गेलंच. वच्छलाला नवं मडकं द्यायला हवं, असलं काहीतरी ती उगाच मनाशी घोकत राहिली.

दुधराम गवतात बसला होता. बोट मांडीवर घेऊन तो पट्टीवरची लाख नखानं खरवडत होता.

"भेव लागला होता का वो तुले?" त्यानं वर न बघता विचारलं.

गोमतीला आधी कळेचना, हा कोणाशी बोलतो. फौजेतून आल्यापासून या माणसानं तिला एक प्रश्न विचारला नव्हता. बोट वच्छलाकडे निघाली तेव्हाचं विचारतो आहे, असं तिला वाटलं, आणि लागला होता थोडा, असं म्हणून ती मोकळी होणार होती. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"अकरा वर्सं झाले," ती म्हणाली, "लागूनच राहिला."

दुधरामचं नख थांबलं. त्यानं बोट मांडीवरून उचलून बाजूला गवतात ठेवली.

"सांग," तो म्हणाला, आणि तिला बसायला जागा केली.