न वाजलेला टोला

मित्रांनो, विट्यापासून चार कोसांवरच्या एका गावात शाळेच्या तुळईला पितळेची जुनी घंटा टांगलेली आहे, ती मी. देवळातल्या घंटेसारखी नव्हे. ताटासारखी चपटी, लाकडी हातोडीचे टोले खाणारी. माझी गोष्ट गोड नाही. मला अजून राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

मला विट्याच्या कुतुबुद्दीन यांनी घडवलं. साच्यातून काढल्यावर त्यांनी मला टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. शाळेत मला वाजवायचं काम शिपाई सिद्धूकडं आलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सावली पाहून तो नेमक्या वेळेला टोला द्यायचा. माझ्या आवाजावर गाव चालायचं. दुपारचा टोला पडला की रानातली माणसं भाकरीची गाठोडी सोडायची. नानासो गुरुजी कौतुकानं म्हणायचे, एक वेळ घड्याळ चुकेल, सिद्धू चुकायचा नाही.

१९४३च्या भाद्रपदात मला टांगायचा कान तुटला. बुधवारी पहाटेच सिद्धू मला पोत्यात घालून, डोक्यावर घेऊन विट्याला निघाला. कुतुबुद्दीन यांनी दिवसभर खपून नवा कान बसवला. दुरुस्त केलेल्या वस्तूवर छिन्नीनं तारीख कोरायची त्यांना सवय होती. माझ्याही पाठीवर त्यांनी ती बारीक कोरली. तिथंच मुक्काम करून आम्ही गुरुवारी परतलो.

गावात सुतक असल्यासारखी शांतता होती. बुधवारी दिवस कलताना पोलीस आले होते. ओढ्याकाठच्या खोपीत लपलेल्या तीन भूमिगत पोरांना त्यांनी धरून नेलं होतं. चहाडी कुणी केली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांनी गावाची बैठक बसली, तीही माझ्याच खाली, शाळेच्या ओसरीत. बयाबाई उभी राहिली. आयुष्यात कधी खोटं न बोललेली म्हातारी. तिनं सांगितलं, की त्या दिवशी दुपारचा टोला पडला आणि लगेच खाकी कोटातला सिद्धू ठाण्याच्या वाटेनं जाताना तिला दिसला.

सिद्धू कळवळून म्हणाला, "आवं, घंटाच न्हवती गावात. ती माझ्या डोस्क्यावर हुती."

मग पंच लालासाहेबांनी गावाला विचारलं, "बुधवारचा दुपारचा टोला तुमी समद्यांनी ऐकला न्हवं?"

मित्रांनो, हा काय प्रश्न झाला? उत्तर त्याच्या पोटातच घालून दिलं होतं. एकानं हात वर केला, मग दुसऱ्यानं, मग साऱ्या गावानं. कुणी म्हणालं, टोला पडला तेव्हा मी मोटेवर होतो. कुणाला तेव्हा खाल्लेलं कालवणसुद्धा आठवलं. त्यांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं, आणि त्याचाच मला संताप येतो. रोज ऐकलेला टोला त्यांच्या मनानं त्या रिकाम्या दुपारीही वाजवून घेतला होता. घंटा नसल्यानं टाळ्या वाजवून तास बदलल्याचं गुरुजींना आठवत होतं, पण तो दिवस पुढच्या आठवड्यातला, असं त्यांनी शपथेवर सांगितलं.

सिद्धूची बायको रंगूबाई पदर पसरून म्हणाली, विट्याला माणूस धाडा, कुतुबुद्दीनभाईंना विचारा. पंच म्हणाले, गावानं कानांनी ऐकलंय, मग चार कोस जायचं कशाला? कुणीही गेलं नाही. मान वर करून माझ्याकडंही कुणी पाहिलं नाही. तारीख माझ्या पाठीवर होती, आणि मला तोंड नव्हतं.

सिद्धूला मारहाण करून गावाबाहेर काढलं. नवराबायको सांगलीला हमाली करू लागले.

चार वर्षांनी, ऑगस्टमध्ये, झेंडावंदनासाठी मला उतरवून चिंचेनं घासलं. पाठ उजळली आणि नानासो गुरुजींना आकडे दिसले: १५-९-४३. त्यांनी जुनं पंचांग काढून वार पाहिला. बुधवार. पोलीस आले तोच. नंतर त्यांनी साऱ्या पंचांना आणि बयाबाईला बोलावून तारीख दाखवली. लालासाहेब खाली मान घालून निघून गेले. बयाबाईनं आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आसंल कोरलेलं. पन मला तो टोला अजून ऐकू येतोय, गुरुजी."

गुरुजी स्वतः सांगलीला गेले आणि दोघांना घेऊन आले. ओसरीत उभ्या असलेल्या सिद्धूला मी ओळखलंच नाही, इतका तो वाकला होता. गुरुजींनी त्याची माफी मागितली. तो खाली बघत म्हणाला, "गुरुजी, चार वर्सं रोज आठवून बघितलं. समदं गाव म्हनतंय म्हनल्यावर मलाबी तो टोला ऐकू याय लागला. वाटलं, दिला आसंल मीच."

गुरुजींनी त्याचं बोट धरून माझ्या पाठीवरच्या एकेका आकड्यावर ठेवलं आणि वार सांगितला. सिद्धूनं ते आकडे पुन्हा एकदा बोटानं चाचपले. मग त्यानं रंगूबाईकडं वळून विचारलं, "म्हंजी मी खोटं बोललो न्हवतो?"

"न्हाई वो," ती म्हणाली. "कवाच न्हाई."

मित्रांनो, मी आजही वाजते, पण सिद्धूचा तो प्रश्न आठवला की त्यापुढं अंगावर पडणारा टोला हलका वाटतो. तुमच्याकडं एवढंच मागणं मागते. तुमच्या आठवणीवर एखाद्या माणसाचं आयुष्य टांगलेलं असेल, तर आधी उठा आणि चार कोस चालून या.