आवाज आहे

गॅरेजात त्यांना सगळे तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे 'कान'. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं त्यांना कळलेलं असायचं. बोनेट उघडायचं ते केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं, आणि एवढ्या वर्षांत नसलेला आजार कुणाच्या गाडीला चिकटवला नाही. मालक कधीकधी वैतागायचा. म्हणायचा, मिस्त्री, तुमच्या खरेपणावर माझी चूल पेटायची नाही. पण ती त्याच्यावरच पेटत होती हे त्यालाही ठाऊक होतं. जुनी गाडी घ्यायची तर आधी कानाला दाखवा, असं म्हणत लोक लांबून यायचे.

बायको गेल्यापासून मिस्त्री एकटे राहत. मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला, विम्याच्या कचेरीत. लहानपणी बापाच्या हाताला ग्रीसचा वास येतो म्हणून तो जेवताना लांब बसायचा. आपण ते मनाला लावून घेतलं नाही, असं मिस्त्री सांगत. आणि ज्या अर्थी सांगत, त्या अर्थी लावून घेतलं होतं. आताशा मुलाचा फोन महिन्यातून एकदा यायचा, तोही चालता चालता केलेला.

म्हणून त्या बुधवारी तो नीट, सावकाश बोलला तेव्हा मिस्त्रींना आधी काळजीच वाटली. पण काम साधं होतं. त्याला गाडी घ्यायची होती. जुनीच, पण कूपे हवी: दोन दारांची, पाठीला उतार असलेली, मागचं दार अख्खं वर उघडणारी. तीन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. "बाबा, तुमच्याशिवाय यातलं कुणाला कळणार?" तो म्हणाला.

मिस्त्रींनी रविवारची सुट्टी मागून घेतली आणि ठेवणीतला सदरा इस्त्रीला दिला.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर होती. लालभडक, आरशासारखी चकचकीत. भाव तीन लाख वीस हजार, मीटरवर चाळीस हजार किलोमीटर. विकणारा तिचं कौतुक करताना थकत नव्हता. मिस्त्रींनी त्याला बोलू दिलं. चाळीस हजारांत क्लचच्या पेडलचं रबर एवढं गुळगुळीत होत नाही, हे त्यांनी वाकल्या वाकल्या पाहिलं. मग सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून काढला. टोकाकडच्या वीतभर भागावर मातकट डागाची रेघ होती. गाडी कधीतरी सीटपर्यंत पाण्यात उभी होती. मिस्त्रींनी पट्टा सोडला, तो सर्रकन आत गेला, आणि विकणाऱ्याचं कौतुकही तिथेच आटपलं.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," बाहेर पडल्यावर मिस्त्री म्हणाले, आणि मुलगा हसला. किती वर्षांनी तो बापाच्या बोलण्यावर हसला होता. मिस्त्री मग खुलले. दोन दारांची गाडी म्हणजे नखऱ्याचं प्रकरण, ते वाटेत सांगू लागले. दार लांब, म्हणून जड. जड, म्हणून बिजागरी लवकर ढिली होते. दार उघडायचं, टोकाला धरून अलगद वर उचलायचं. हाताला खेळ लागला, दार जरा हललं, की समजायचं, गाडी वयाहून जास्त वापरलीय. मुलगा ऐकत होता. मधूनच फोनवर काहीतरी टिपूनही घेत होता. शाळेत असताना हा इतकं मन लावून बसला असता तर, असं मिस्त्रींच्या मनात आलं. पण ते बोलले नाहीत. चांगला दिवस नासवायचा कशाला.

दुसरी पांढरी. दोन लाख ऐंशी हजार. तिच्या मालकाने, एका दातांच्या डॉक्टरने, हौसेने ती जमिनीलगत खाली करून घेतली होती आणि तिला ढोलासारखा घुमणारा सायलेन्सर लावला होता. त्या घुमण्याखाली गिअरचं दुखणं दडलेलं होतं: दुसरा गिअर पडताना दातओठ खायचा. दातांच्या डॉक्टरला ते ऐकू आलं नव्हतं. मिस्त्रींनी त्याला सौम्यपणे सांगितलं, की विकण्याआधी दुरुस्त करून घ्या, घेणारा शिव्या देईल. डॉक्टरने उलट आभार मानले.

तिसरी गाडी एका निवृत्त शिक्षिकेची होती. राखाडी रंगाची, घराच्या आडोशाला कापड घालून ठेवलेली. नवऱ्याने म्हातारपणी, सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी हट्टाने घेतलेली. तो गेला, बाईंच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं, आता चालवणार कोण. मागत होत्या तीन लाख. त्यांनी एक जाड फाइल आणून दिली. प्रत्येक दुरुस्तीचं बिल, तारखेसकट, आणि समासात नवऱ्याच्या बारीक अक्षरात टिपणं.

मिस्त्रींनी दार उचलून पाहिलं. तसूभर हललं नाही. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. पोचे बुजवणाऱ्या पुट्टीचा बद्द आवाज कुठेच नाही. इंजिन सुरू झालं तसे ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना काहीतरी ऐकावंसं वाटलं होतं.

मुलगा आणि ते चक्कर मारायला गेले. खड्ड्यावरून जाताना पुढून, डाव्या बाजूने ठक् असा आवाज आला. मुलाने लगेच विचारलं, हे काय? मिस्त्री म्हणाले, काही नाही, चाकाजवळचा रबरी बुश झिजलाय. दोन तासांचं काम, एका जेवणाच्या खर्चात होईल. आणि या आवाजाला भिऊन कुणी ही गाडी सोडली तर तो करंटा. तीन लाख मागतायत, तीन लाख दे. डोळे मिटून दे.

मुलाने मान डोलावली.

परत आल्यावर बाईंनी दोघांना आत बसवलं, पाणी दिलं. मुलगा खुर्चीत पुढे सरकून बसला आणि त्याने मोठा श्वास सोडला. गाडी छान ठेवलीय, तो म्हणाला, पण बाबांनी एक आवाज पकडलाय. गिअरबॉक्स आतून जातोय. आज ना उद्या बंद पडणार, आणि तो खर्च गाडीच्या निम्म्याने आहे. बाबांची एकतीस वर्षं यात गेलीत, तुम्ही कुणालाही विचारा. आम्ही एक लाख ऐंशीपर्यंत जाऊ शकतो.

तो इतक्या सहज बोलला की मिस्त्रींना आधी वाटलं, आपणच काही चुकीचं सांगितलं की काय.

बाई मुलाकडे बघत नव्हत्या. त्या मिस्त्रींच्या हातांकडे बघत होत्या. नखांच्या कडांतून कधीच न निघणारं ते काळं, त्यांना बहुधा तेवढं दिसत होतं.

"मिस्त्री, तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "आवाज आहे का?"

खोली लहान होती. मुलगा शेजारीच होता, त्याचा गुडघा मिस्त्रींच्या गुडघ्याला लागत होता. इतक्या वर्षांत तो इतक्या जवळ बसला नव्हता. परक्या बाईसमोर पोटच्या पोराला खोटं पाडायचं? मग तो उठेल, आणि महिन्याचा तो एक फोनही बंद होईल. हे सगळं त्यांच्या मनात एका क्षणात येऊन गेलं.

"आवाज आहे," मिस्त्री म्हणाले.

दोन लाखांवर सौदा ठरला.

परतीच्या वाटेवर मुलगा खुशीत होता. मिस्त्रींनी विचारलं, तू असं का केलंस? व्यवहार असाच असतो बाबा, तो म्हणाला, आणि तुम्ही कुठे खोटं बोललात? आवाज होताच की. पोरगा शब्दशः बरोबर होता, आणि तेच जिव्हारी लागलं.

आठवडाभर त्यांचं कामात लक्ष नव्हतं. एका गाडीचा पंप त्यांनी दोनदा खोलला आणि दोनदा तसाच बसवला. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या साठवणीतले एक लाख पाकिटात घातले आणि बाईंचं घर गाठलं.

बाईंनी त्यांना आवाजावरून ओळखलं आणि बाईंना आनंद झाला. त्यांनी बसायला सांगितलं, चहा ठेवला, आणि मिस्त्रींना तोंड उघडू न देता आभारच मानायला लागल्या. तुम्ही स्पष्ट बोललात म्हणून बरं झालं, त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी दुसरा एक गृहस्थ तीन लाख घेऊन यायचा होता. पण एक तर तुमच्या मुलाला शब्द दिला होता, आणि दुसरं म्हणजे, गिअरबॉक्स जातोय हे कळल्यावर कुठल्या तोंडाने त्याला गाडी विकणार? फोन करून नको म्हटलं. लेकराबाळांचा माणूस, वाटेत बंद पडली असती तर मला झोप लागली नसती.

मिस्त्रींनी चहाचा कप हातात घेतला होता. तो त्यांनी खाली ठेवला. मग पाकीट टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, बुशपासून एका जेवणाच्या खर्चापर्यंत. स्वतःची बाजू मांडली नाही. मांडायला बाजूच नव्हती.

बाईंनी हात पुढे करून चाचपत मिस्त्रींचा कप उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला. बाहेर आल्यावर टेबलावरचं पाकीट त्यांनी बोटाने मिस्त्रींकडे सरकवलं.

"हे घेतलं तर मी तुम्हाला माफ केल्यासारखं होईल," त्या म्हणाल्या. "पोरगा खोटं बोलतोय हे मला तेव्हाच कळत होतं. चाळीस वर्षं पोरांनाच शिकवलंय मी. म्हणून तर तुम्हाला विचारलं."

मिस्त्री पाकीट घेऊन उठले.

दोन महिन्यांनी गॅरेजात एक नर्स आली. अंगावर ड्यूटीचेच कपडे, डोळ्यांखाली जागरण. तुमच्या मुलाने एक राखाडी कूपे विकायला काढलीय, ती म्हणाली, साडेतीन लाख मागतोय. तुम्ही स्वतः तपासलीय असं जाहिरातीत लिहिलंय. म्हणून म्हटलं, आधी तुम्हालाच भेटावं.

मुलाने गाडी स्वतःसाठी घेतलीच नव्हती, हे मिस्त्रींना तेव्हा कळलं. त्यांनी हात पुसले. या वेळी त्यांना विचार करायला क्षणभरही लागला नाही.

"गाडी सोन्यासारखी आहे," ते म्हणाले. "पण माझ्या मुलाने ती दोन लाखांना घेतलीय. लबाडी करून घेतलीय, आणि मी तिथे बसलो होतो. साडेतीन देऊ नका. तीनच्या वर एक पैसा देऊ नका. मी सांगितलं म्हणून सांगा त्याला."

तीन महिने ती नर्स गाड्या बघत हिंडत होती. दोनदा फसता फसता वाचली होती. ती आणखी काहीच न विचारता गेली. मिस्त्रींना वाटलं, चला, उशिरा का होईना, एक काम नीट झालं. आता मुलाचा फोन येईल, तो संतापेल, कदाचित कायमचं तोडेल. त्यांनी त्याचीही तयारी केली.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. मुलगा संतापला नव्हता. उलट इतका गोड तो कधीच बोलला नव्हता. बाबा, तुम्ही त्या बाईला काय सांगितलंत कोण जाणे, तो म्हणाला, तिने घासाघीससुद्धा केली नाही. पूर्ण साडेतीन मोजले. म्हणाली, जो बाप स्वतःच्या मुलाबद्दल असं खरं बोलतो, त्याने चांगली म्हटलेली गाडी मी हातची घालवणार नाही.

पलीकडे मुलगा हिशेबाचं, पुढच्या दोन गाड्यांचं, आणखी कसलं कसलं सांगत होता. त्यातली एक हिरवी कूपे या रविवारी बघायची होती.

"मी येणार नाही," मिस्त्री म्हणाले. "यापुढे कधीच नाही."

मुलगा समजूत घातल्यासारखं म्हणाला, "नका येऊ बाबा. आराम करा. आता नुसतं तुमचं नाव सांगितलं तरी पुरतं."