आक्काच्या नंबरवर

"गिऱ्हाईकाच्या डोक्यावर उभं राहून ऑर्डर घ्यायची नाही," आक्काने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "पोलीस वाटतो माणूस. खाली बस. डोळ्याला डोळा आला की पाकिटाचं तोंड आपोआप उघडतं."

तिला स्वतःला आता खाली बसता येत नव्हतं. बावीस वर्षं त्याच हॉटेलात ताटं वाहून तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. टेबलाची कड धरून ती जेमतेम वाकायची, तोंड हसरं ठेवायची, आणि वर येताना ओठ आवळायची. लोकांना ते दिसायचं. जेवताना कुणाचं दुखणं बघायला लागलं की लोक पटकन उठतात आणि हात आखडता घेतात, हे तिलाही कळत होतं. मला मात्र उकिडवं बसायची सवय होती. घरी अडीच वर्षांची ठकी. तिचे बूट, तिचं नाक, तिने सांडलेलं दूध. माझं निम्मं आयुष्य जमिनीपासून दीड फुटावर चाललं होतं.

आक्काकडे अशा खूप गोष्टी होत्या. ऑर्डर जशीच्या तशी पुन्हा म्हणून दाखवायची. ते 'कांदा नको' म्हणाले तर आपणही 'कांदा नको' म्हणायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. माणूस पैसे काढत असताना त्याच्याकडे बघायचं नाही, शेजारच्या टेबलावरचे चमचे सरळ करायचे. टेबलावर मूल असेल तर पाव आधी त्याच्यासमोर. आणि चॉकलेट. बिलाबरोबर एक चॉकलेट ठेवायचं, दोन पावलं जायचं, काहीतरी आठवल्यासारखं वळायचं आणि दुसरं ठेवायचं.

"दोन्ही एकदम ठेवलीस तर ती हॉटेलची," ती म्हणायची. "वळून ठेवलंस तर ते तुझं."

मी कॉलेजात तीन वर्षं मानसशास्त्र शिकले होते. माणसाबद्दल इतकं नेमकं वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं.

"शिकव, शिकव," बारमागून कंपाउंडर म्हणायचा. तो बारटेंडर, औषधासारखी मापं मोजून ओततो म्हणून त्याला सगळे कंपाउंडर म्हणत. "उद्या तीच तुझ्या पोटावर पाय देईल."

"देऊ दे की. तिचा पाय तरी धड आहे," आक्का म्हणाली, आणि आम्ही तिघं हसलो.

मग ते नवीन मशीन आलं.

आधी टिप एका डब्यात पडायची आणि शनिवारी सारखी वाटली जायची. नव्या मशीनवर प्रत्येकाचा चार आकडी नंबर. टेबल उघडताना तो दाबायचा. मग त्या टेबलाचं सगळं, बारमधला ग्लास आणि शेवटी गिऱ्हाईकाने कार्डावर चढवलेली टिपसुद्धा, त्या नंबरावर. महिनाभराने मालकांना त्यातून टक्के काढता येतात असा शोध लागला. मॅनेजरने आम्हा दुपारच्या तिघांना स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं, "टिप म्हणजे गिऱ्हाईकाने दिलेले मार्क. तीन महिन्यांनी ज्याचे मार्क सगळ्यांत कमी, तो संध्याकाळच्या पाळीला."

तिघं म्हणजे मी, आक्का आणि एक देखणा मुलगा, ज्याला बायका न मागता टिप देत. त्याला काळजी नव्हती. म्हणजे दोघीच.

संध्याकाळी वरचा हॉल उघडतो. कंपन्यांच्या पार्ट्या, ठरलेलं बिल, वर जायला चौदा पायऱ्या, आणि प्रत्येक ताट खालून वर. आक्काला ते झेपणार नव्हतं. ती तसं बोलली नाही. त्या दिवशी तिने फक्त जिन्याकडे पाहिलं, जसं आपण ओळखीच्या पण न आवडणाऱ्या माणसाकडे पाहतो.

मला पाळणाघर दिसत होतं. ते चारला बंद होतं. चार म्हणजे चार. नवरा गोदामात संध्याकाळच्या पाळीला, तो दुपारी तीनलाच घर सोडतो. सासूबाई आठ तासांच्या अंतरावर, आणि फोनवर त्यांचा एकच सल्ला, "मुलीपेक्षा नोकरी मोठी का गं?" भाडं कुणी भरायचं हे मी सांगेपर्यंत त्यांना भाजीवर झाकण ठेवायला जायचं असे. एकदा बस चुकून मला पाच मिनिटं उशीर झाला होता. पाळणाघराच्या बाईंनी ठकीला कोट घालून दाराजवळच्या स्टुलावर बसवलं होतं, पिशवी मांडीवर. मी काचेतून पाहिलं. ती रडत नव्हती. रडत असती तर बरं झालं असतं. ती नुसती दाराकडे बघत होती, आपल्याला इथेच राहायचं आहे हे कळल्यासारखी. त्यानंतर कित्येक रात्री मला ते स्टूल दिसायचं.

मग मी आक्काचं शिकवणं वापरायला लागले. आधी जमेल तसं करायची, आता एकही टेबल सोडेना. प्रत्येक टेबलाशी खाली बसले, प्रत्येक कांदा 'नको' म्हणून दाखवला, प्रत्येक बिलाशी वळले. कुठल्या बाईंना पंख्याखाली चालत नाही, कुठल्या साहेबांची मुलगी परीक्षेला बसली आहे, हे बसमध्ये वहीत लिहून ठेवू लागले. मॅनेजर दर सोमवारी फ्रिजच्या दारावर कागद लावायचा. माझा आकडा वर सरकत होता. आक्काचा होता तिथेच होता, पण तोही कमी नव्हता. तिची जुनी माणसं होती ना. शेवटच्या आठवड्यात ती माझ्या पुढे होती, पण अगदी नखभर.

"चांगलं चाललंय तुझं," कागद वाचून ती म्हणाली. चष्मा पुसला. "चॉकलेटं जरा जपून वापर, माझ्या डब्यातली संपतायत."

जुन्या माणसांत सगळ्यांत जुने मास्तर. निवृत्त शिक्षक, दर शुक्रवारी एकटे, खिडकीजवळ, आक्काच्या टेबलावर. सूप कोमट, पावाच्या कडा कापून, आणि मग बारमधून लाल वाइनचा अर्धा ग्लास. अंधार पडल्यावर ते घराबाहेर पडत नसत, म्हणून जेवण दुपारचंच. पंधरा वर्षं आक्का त्यांना न विचारता वाढत होती.

तिमाहीचा शेवटचा दिवस शुक्रवारीच आला. सकाळी ठकीचं अंग मला कोमट लागलं होतं. थर्मामीटर काही दाखवत नव्हता, तरी मी अकरापर्यंत पाळणाघराला दोनदा फोन केला. बाई म्हणाल्या, "अहो, ती खेळतेय. तुम्हीच जरा पाणी प्या."

एक वाजता आक्का कोठारात तेलाच्या डब्यावर बसलेली दिसली. गुडघ्यावर बर्फाची पिशवी. चेहरा पांढरा.

"मास्तर आलेत," मी म्हणाले.

"माहितीय. दहा मिनिटं बघ जरा. सूप कोमट. आणि टेबल माझ्या नंबरवर उघड हं."

"हो."

तिचा नंबर मला पाठ होता. सगळ्यांचाच सगळ्यांना पाठ असतो. मी मशीनसमोर उभी राहिले आणि बोटांनी माझा नंबर दाबला. सवयीने. दिवसातून तीस वेळा दाबते, बोटं आपली जातात. हे मी स्वतःला अजूनही सांगते आणि त्यात खोटं काही नाही. पण चुकीच्या नंबरवर उघडलेलं टेबल दुसऱ्याच्या नावावर करता येतं. मॅनेजर चावी फिरवतो, अर्ध्या मिनिटाचं काम. मॅनेजर माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. मी सूप घेऊन गेले.

दहा मिनिटांत आक्का आली नाही. मी मास्तरांच्या शेजारी खाली बसले. पावाच्या कडा कापल्या. अर्धा ग्लास आणायला बारवर गेले, तेव्हा कंपाउंडरच्या हातात मशीनमधून आलेली चिठ्ठी होती. बारच्या चिठ्ठीवर नंबर छापून येतो. त्याने चिठ्ठी पाहिली, मला पाहिलं, खिडकीतल्या मास्तरांना पाहिलं.

"आक्का कुठंय?"

"कोठारात. गुडघा."

त्याने ग्लास भरला, नेहमीसारखा रेषेपर्यंत, आणि चिठ्ठी खिळ्याला टोचली. "मी आपला माप भरणारा," तो म्हणाला. "मला काही दिसत नाही."

बिल दिलं. एक चॉकलेट. दोन पावलं. वळले, दुसरं ठेवलं. मास्तर हसले.

"हे तिने शिकवलं ना तुला?"

"हो."

"कुठे आहे ती?"

"गुडघा दुखतोय. आत बसलीय."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मशीनवर आकडे दाबले, बराच वेळ. मी शेजारच्या टेबलावरचे चमचे सरळ करत होते. मग ते म्हणाले, "यात थोडे जास्त टाकलेत. हे तिचे. म्हणावं, आता चांगल्या डॉक्टरला दाखव, टाळू नकोस. सांगशील?"

"सांगते."

थोडे नव्हते. जेवणाच्या बिलापेक्षा जास्त होते.

आक्का भिंत धरत बाहेर आली तेव्हा टेबल पुसून झालं होतं. "गेले? मला भेटले पण नाहीत. माझ्या नंबरवर उघडलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

त्यात बोटांची सवय नव्हती.

सोमवारी फ्रिजवर कागद लागला. देखणा मुलगा, मग मी, मग आक्का. आक्काने चष्मा लावून वाचला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मी कप पुसत होते. एकच कप किती वेळ पुसणार? मॅनेजर म्हणाला, "आक्का, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." ती म्हणाली, "प्रश्न नाही हो, पायऱ्या आहेत. चौदा." सगळे हसले. आक्का बोलली की हसायचं अशी आम्हाला सवयच होती. मग ती कंपाउंडरकडे वळली. "मास्तरांनी या वेळी हात आखडला वाटतं. म्हातारपण आलं बिचाऱ्यांना." कंपाउंडर काचेचा ग्लास उजेडात धरून डाग शोधत राहिला.

पुढच्या शुक्रवारी मास्तर आले. खिडकीचं टेबल आता माझं होतं.

"दाखवला का गुडघा?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. सगळंच सांगता आलं असतं. मी खाली बसले होते, डोळ्याला डोळा होता.

"दाखवला," मी म्हणाले. "विश्रांती सांगितलीय. म्हणून सध्या दुपारी येत नाही."

"हे बरं झालं." त्यांना खरंच बरं वाटलं. जाताना पुन्हा आकडे दाबले. "तिला नेऊन देतेस ना? औषधांना होतील."

तेव्हापासून दर शुक्रवारी. मी ते पैसे वेगळ्या पाकिटात ठेवते, खर्च करत नाही. शपथेवर सांगते, एकदाच केले, ठकीच्या खोकल्याच्या औषधाला. ते तिला द्यायचे तर कुठले म्हणून सांगायचं, आणि एकदा सांगायला लागलं की कुठे थांबायचं? आणि सांगितल्यावर पाळी बदलली तर? रात्री ठकी झोपेत कण्हली तरी मला वाटतं, माझं खोटं तिच्यावर उलटलंय. मी उठून तिच्या कपाळाला हात लावते.

आक्का आणि मी आता फक्त कपडे बदलायच्या खोलीत भेटतो. मी निघत असते, ती येत असते. परवा ती बाकावर बसून बुटाची नाडी बांधायचा प्रयत्न करत होती. हात पोचत नव्हता. मी पटकन खाली बसले आणि नाडी हातात घेतली. घोटा सुजला होता, बुटाच्या कडेवरून मांस बाहेर आलं होतं.

"मास्तर येतात का गं?" तिने वरून विचारलं.

"येतात."

"विचारतात माझं?"

मी मान वर केली. तिचा चेहरा अगदी समोर होता. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला नव्हता. तिची सगळी वर्षं मी उभ्यानेच पाहिली होती.

"कधी कधी," मी म्हणाले.

"कधी कधी," ती म्हणाली, जसंच्या तसं, ऑर्डर पुन्हा म्हणून दाखवावी तसं. मग पाय मागे ओढून घेतला.

"ऊठ. मी काय गिऱ्हाईक आहे?"

मी उठले. एक नाडी बांधलेली, एक तशीच. मी काहीतरी बोलणार होते, खरंच तोंड उघडलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. बस पंचेचाळीसची.

"जा, पोर वाट बघत असेल," आक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मी थांबले असते, असं मला वाटतं.

ती जिन्याकडे गेली. कोट घालता घालता मी तिची पावलं मोजली. सातव्या पायरीवर ती थांबली. वरून कुणीतरी ताटांसाठी हाक मारली. आठवी ऐकायला मी थांबले नाही.

पाळणाघरात पोचले तेव्हा चारला आठ कमी होते. काचेतून आधी दाराजवळ पाहिलं. स्टूल रिकामं होतं.