टिकलीखालचा गोल

पिंगळीला स्टेशनाकडून गावात शिरताना उजव्या हाताला चंद्रभानचं दुकान होतं. स्नो, पावडर, रिबिनी, सुया-दोरे, पोरांच्या वह्या, आणि दाराच्या चौकटीला टांगलेल्या टिकल्यांच्या पाकिटांच्या माळा. सुला लग्न होऊन आली ते साल सत्त्याऐंशी. तिच्या पोखर्णीला बायका अजून कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू रेखायच्या. उन्हात घाम आला की कुंकवाचा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत यायचा. टिकलीचं तसं नव्हतं. लावली की दिवसभर जागची हलत नसे. सुलाला त्या टिकल्यांचं फार अप्रूप वाटलं.

ती दुसरेपणावर आली होती. चंद्रभानची पहिली बायको गीता, ती तापानं गेली, असं बैठकीत सांगितलेलं. लग्नाच्या दिवशीच सासूनं, धुरपताबाईनं, सुलाच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक पातळ टाक बांधला. त्यावर एका बाईची आकृती ठोकलेली होती. तो सवतीचा टाक. मेलेल्या पहिलीला असं गळ्यात वागवायचं, सणाला निवद आधी तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिच्या नावानं पाटावर ठेवायचं, म्हणजे ती दुसरीच्या संसारात हात घालत नाही, अशी रीत. सुलाला रीत माहीत होती. पण तो टाक कढत पाण्यानं आंघोळ केली तरी छातीवर गारच लागायचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मधल्या खोलीत भिंतीला एक आरसा होता. झोपताना टिकली काढायची, आरशाच्या काठाला चिकटवायची आणि सकाळी तीच पुन्हा कपाळाला लावायची, ही टिकलीवाल्या बायकांची सवय. गीताच्या टिकल्या त्या काठावर अजून होत्या. कुणी काढल्या नव्हत्या, काढायला कुणाचा हात धजला नव्हता. सुलानं एकदा मोजल्या, तेवीस भरल्या. ती भांग पाडायला उभी राहिली की तिच्या तोंडाभोवती त्या तेवीस टिकल्या डोळ्यांसारख्या गोळा होत.

चूक झाली ती पहिल्याच महिन्यात. पाहुणे ओसरीवर येऊन बसलेले, सुलाच्या हातात पाण्याचा तांब्या, आणि तिची टिकली मघाशी पीठ मळताना कुठंतरी पडलेली. मोकळ्या कपाळानं पाहुण्यांपुढं जायचं कसं? तिनं घाईघाईनं आरशाच्या काठावरची एक डाळिंबी टिकली नखानं उचलली आणि लावली. डिंक अजून धरत होता. संध्याकाळी तिनं ती परत जागच्या जागी चिकटवली. आपण मेलेलीचं कुंकू लावलं, हे ती कुणाला बोलली नाही.

आषाढात टिकलीखाली खाज सुटायला लागली. श्रावणात एका सकाळी टिकली काढली तर तिथं तांदळासारखा पांढरा गोल. बारीक, नेमका, जणू कुणी मोजून काढलेला.

सुलानं थोडी मोठी टिकली लावली. चंद्रभान गल्ल्यावरून खुशीनं म्हणाला, मोठी तुला शोभती. महिन्या-दीड महिन्यात गोल मोठ्या टिकलीएवढा झाला. तिनं त्याहून मोठी घेतली. गोलही तेवढा वाढला. दिवाळीपर्यंत तो रुपयाएवढा होऊन टिकलीबाहेर डोकावायला लागला. तिनं त्यावर स्नो चोपडला, वरून पावडर थापली, पण तो भाग राख लावल्यासारखा दिसे. आरशापुढं उभं राहून ती मनातल्या मनात गीताला म्हणायची, एकदाच लावली गं, परत ठेवली ना. काठावरच्या टिकल्या तिच्याकडं बघत राहायच्या.

कार्तिकात सुला न्हात असताना धुरपताबाईला ते दिसलं. ती न्हाणीच्या दगडावरच बसली.

"गीतीनं धरलं हिला," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून सुलाचं ताट आणि पेला वेगळा झाला. बावचीचं बी वाटून सासूनं तिच्या कपाळाला लेप दिला आणि तिला उन्हात बसवलं. कपाळ भाजल्यासारखं फोडांनी भरलं. फोड बसले, पण गोल तसाच राहिला. शेजारची बायनाबाई भाकरीचं पीठ मागायला आली, तेव्हा तिनं इकडंतिकडं बघून उरलेली गोष्ट सांगितली. गीता तापानं गेली नव्हती. तिच्याही कपाळावर असाच पांढरा डाग उठला होता. कोड म्हणाले सगळे. तिचं ताट वेगळं केलं, मग अंथरूण वेगळं केलं, आणि एका सकाळी जत्रेला जाऊ म्हणून सासूनं तिला चांगलं लुगडं नेसायला लावून राणीसावरगावला माहेरी नेऊन सोडलं. वर्षभर कुणी आणायला गेलं नाही. मग ती विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणतात.

"तुझं बी आता बघ कसं व्हतंय," बायनाबाई म्हणाली आणि पीठ पदराखाली झाकून निघून गेली.

सुलाला आता दोनच गोष्टींची भीती होती. एक गीताची, आणि दुसरी चांगलं लुगडं नेस असं कुणी म्हणण्याची.

शाळेत चांगुणाबाई शिकवायच्या. पोरांना बेरीज शिकवताना चिंचोके मांडायच्या आणि चुकलेल्या पोराला, बरोबर येईतो, दहादा मांडायला लावायच्या, पण आवाज चढवायच्या नाहीत. त्या शाळेमागच्या खोलीत राहायच्या. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. त्यांच्याकडं पाणी प्यायचं नाही, असं धुरपताबाईनं सुलाला पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं. त्या चांगुणाबाईंनी एका सकाळी हापशावर सुलाचं कपाळ बघितलं. दया आल्यासारखं नव्हे, पोराची पाटी बघावी तसं. म्हणाल्या, शाळा सुटल्यावर ये.

सुला गेली. बाईंनी पाणी दिलं, ते ती प्याली. मग बाईंनी पायातल्या कातडी वहाणा काढून पाय पुढं केले. दोन्ही पावलांवर अंगठ्याजवळून दोन्हीकडं गेलेले पांढरे पट्टे होते.

"हे कशासारखं दिसतंय?"

सुला बघत राहिली. "चपलेच्या पट्ट्यासारखं."

"रबरी चप्पल दोन वर्षं वापरली. आधी खाज सुटली, मग हे. मला बी सगळे कोड म्हणाले. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं सांगितलं, रबरात, डिंकात एक रसायन असतं, ते काहींच्या कातडीचा रंग खाऊन टाकतं. सगळ्यांच्या न्हाई, काहींच्याच. आता मला सांग, कोडाला चपलेचं माप कुठून कळलं?"

सुलाचं बोट आपल्या कपाळाकडं गेलं.

"तुझा गोल आधी केवढा होता?"

"बारक्या टिकलीएवढा."

"मग?"

"मोठी लावली, तर मोठा झाला."

"म्हणजे भूत काय कंपास घेऊन बसलंय का, पोरी?"

सुलाला हसू आलं आणि त्यातच रडूही फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं. मग एकेक गोष्ट सावकाश सांगितली, दोनदा वदवून घेतली. टिकली आजपासून बंद. स्नो नको, पावडर नको, बावची तर मुळीच नको, लिंबू चोळायचं नाही. साध्या पाण्यानं धुवायचं, मऊ फडक्यानं टिपायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, आणि उन्हात पदर पुढं घ्यायचा, कारण पांढरं कातडं लवकर भाजतं. पुढं कधी काही नवं लावायचं झालं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघायचं, मग तोंडाला. वर्षभरात रंग परत येईल, कदाचित येणार नाही; ते खोटं सांगत नाही, म्हणाल्या.

"वरीसभर मोकळं कपाळ?" सुला म्हणाली. "मालक जिते असताना?"

चांगुणाबाईंनी वहाणा पायात सरकवल्या.

"ते मला शिकवता येणार न्हाई. ते तुझं तुलाच ठरवावं लागंल."

घरी येऊन सुला आरशापुढं उभी राहिली. काठावरच्या टिकल्या तिनं आजवर शंभरदा बघितल्या होत्या, पण नीट अशा कधीच बघितल्या नव्हत्या. खालच्या कोपऱ्यात बारक्या. त्यावर मधल्या. वर, शेवटी शेवटी, रुपयाएवढ्या. गीतानंही झाकायला मोठी लावली होती. त्याहून मोठी लावली होती. याच जागी, याच उंचीला उभी राहून. सुलाला वाटलं, आरशात आपल्या मागं कुणीतरी उभं आहे आणि तेही हेच बघतंय, इतक्या उशिरा.

तिनं टिकली काढली.

दोन दिवस ती पदर डोळ्यांपर्यंत ओढून वावरली. तिसऱ्या दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू. दुपारी बायका आल्या, तिळगूळ झाला, आणि बायनाबाईनं करंड्यात बोट बुडवून सुलाच्या कपाळाकडं हात नेला. सुला मागं सरकली. पदर खांद्यावर पडला. मोकळं कपाळ आणि त्यावर तो पांढरा गोल सगळ्यांनी बघितला. बायनाबाईचं बोट हवेतच राहिलं. एकेक बाई वाण उचलून वाट धरायला लागली.

दिवेलागणीला सुलानं सासूला सगळं सांगितलं. काठावरची डाळिंबी टिकली, बाईंचे पाय, कंपास, डिंक. मग हात धरून तिला आरशापाशी नेलं आणि खालून वर टिकल्या दाखवल्या, जशा बाईंनी दाखवल्या असत्या तशा, एकेक.

"त्या मास्तरणीचं ऐकून मला शिकवतीस का," धुरपताबाई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. तिचे डोळे वरच्या ओळीवरून हलत नव्हते. "गीतीच नडतीया. ते डिंकाचं खोटं हाय. खोटंच असाया पायजे."

दारात चंद्रभान उभा होता. टिकल्यांचं पहिलं पाकीट आपणच नांदेडहून आणलं होतं, गीतासाठी, दुकानात विकायच्या आधी, एवढं तो म्हणाला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही. धुरपताबाई अंघोळ करून आली आणि म्हणाली, "चांगलं लुगडं नेस."

सुलानं विचारलं नाही कुठं. विचारून काय होणार होतं? गाडीनं परभणी, तिथून गंगाखेडची एसटी. वाटेतच पोखर्णी लागते, तिचं माहेर. सुला मांडीवरची पिशवी आवळून बसली होती. शेजारच्या बाईनं तिच्या कपाळाकडं बघून धुरपताबाईला हळूच विचारलं, कधी गेला म्हणून.

"जिता हाय. घरी बसलाय," धुरपताबाई म्हणाली.

पोखर्णीच्या फाट्यावर एसटी थांबली. नरसिंहाच्या देवळाला जाणारी माणसं उतरली. सुला अर्धी उठली. सासूनं तिच्याकडं न बघताच तिच्या मांडीवर हात ठेवला.

"बस खाली. आपल्याला फुडं जायचंय."

राणीसावरगावला पोचेतो ऊन डोक्यावर आलं होतं. गीताची आई, सरजाबाई, दारात बसली होती. तिनं धुरपताबाईला ओळखलं आणि तोंड फिरवलं. मग तिची नजर सुलावर गेली. ती उठून जवळ आली. अंगठा त्या गोलावर ठेवून तिनं कडेकडेनं फिरवला, हळूहळू, जशी ती कड तिच्या अंगठ्याला पाठ होती.

"तिचा बी हितंच व्हता," ती म्हणाली.

धुरपताबाई पायरीखालीच उभी राहिली.

"इहीनबाई, कोड नव्हतं. टिकलीच्या डिंकानं रंग गेला व्हता. पोरीत काई न्हवतं. आमी चुकलो."

सरजाबाई रडली नाही.

"मला कशाला सांगतीस? मला ठावं व्हतं माझ्या पोरीत काई न्हाई. माझी धाकली तीन वर्षं बिनलग्नाची बसलीया. कोडाचं घर म्हणून पावना दारात येईना. तिकडं तोंड कर. मोठ्यानं म्हण."

गल्लीत दारादारातून बायका बघायला लागल्या होत्या. धुरपताबाईनं पदर सावरला आणि त्यांच्याकडं तोंड केलं. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तीन दारांपर्यंत गेला. गीताच्या अंगावर कोड नव्हतं. डिंकाचा डाग होता. पुरावा माझ्या दुसऱ्या सुनेच्या कपाळावर हाय, या, बघा. सुला तिच्या शेजारी कपाळ उघडं ठेवून उभी राहिली. एक म्हातारी जवळ आली, वाकून बघितलं, आणि मान हलवली.

"फुडल्या आळीला ऐकू गेलं न्हाई," सरजाबाई म्हणाली.

धुरपताबाई पुढच्या आळीकडं वळली. सुला तिच्या मागोमाग निघाली. आपल्याही मागं कुणी चालतंय का, हे तिनं वळून पाहिलं नाही.