वाढलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. औषधाची नव्हे, नुसत्या पाण्याची. कोरडा ऑक्सिजन रोग्याचा घसा सुकवतो, म्हणून तो आधी माझ्या पाण्यातून जातो आणि मग नळीने नाकाशी पोहोचतो. चंदीगडच्या एका रुग्णालयात दिवसभर माझी बुडबुड चालायची. ती ऐकून घरच्या माणसांना धीर यायचा आणि मी उगाच मिरवायचे.

पंजाबात ते दहशतवादाचे दिवस होते. जवळच्या खरड गावाहून येणाऱ्या एका बसवर गोळीबार झाला आणि टपाल खात्यातल्या जयंतरावांच्या छातीत गोळी लागली. साताऱ्याकडून बदलीवर आलेला अबोल माणूस. शस्त्रक्रिया झाली, गोळी निघाली, ते शुद्धीवर आले. त्यांच्या पत्नी नलिनीताईंनी देवाला हात जोडले आणि मग मलाही जोडले. मला हात जोडणाऱ्या त्या एकट्याच.

माझी निगा साधी होती. रोज उरलेलं पाणी ओतून टाकायचं, मला धुऊन सुकवायचं आणि निर्जंतुक केलेलं नवं पाणी घालायचं. सरोज सिस्टर हे मन लावून करायच्या. पण शहरात संचारबंदी लागली, बाकीच्या सिस्टर येईनात आणि सगळा वॉर्ड त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडला.

एका दुपारी माझं पाणी तळाला गेलं. आपल्याकडे बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात. नलिनीताईंच्या घरी तर मीठ संपलं असंही कुणी म्हणत नसे, वाढलं म्हणत. मग आजारी नवऱ्याच्या उशाशी त्या संपलं हा शब्द कसा उच्चारणार? त्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं, "सिस्टरजी, पानी बढ़ गया है."

शेजारच्या रोग्याची जखम बांधता बांधता सिस्टर म्हणाल्या, "बढ़ा है तो ठीक है जी. बस, घटने मत देना."

नलिनीताईंना वाटलं, भरायला सांगितलं. त्यांनी बेसिनच्या नळाचं पाणी माझ्यात ओतलं. पुढेही जरा कमी झालं की त्या भर घालत. जुनं पाणी ओतून कुणीच टाकलं नाही.

त्या नळाच्या तोंडाशी जंतूंचा बुळबुळीत थर होता. ते माझ्यात उतरले, फोफावले आणि ओलाव्याबरोबर जयंतरावांच्या फुप्फुसांत गेले. मला सगळं कळत होतं. पण बुडबुड थांबवावी तर श्वासच थांबणार. मी काय करणार होते?

ताप चढला. डॉक्टर चित्रा मराठीच होत्या. त्यांनी नलिनीताईंना समजावलं, की आपल्या पेशींवर साखरेचे बारीक तुरे असतात आणि हे जंतू नेमके तेच घट्ट धरून बसतात. मग खोकून ते सुटत नाहीत, आणि या जंतूंना औषधंही दाद देत नाहीत.

"अहो, पण यांना साखरेचा आजार नाही," नलिनीताई म्हणाल्या.

"ही साखर सगळ्यांच्याच अंगात असते, ताई. पेशी एकमेकींना तिच्यावरूनच ओळखतात."

गोळीतून वाचलेला तो माणूस त्याच आठवड्यात गेला. माझं काळीज काचेचं, तरी ते तडकलं नाही याचं मला आजही दुःख आहे.

डॉक्टरांनी मला नळीपासून सोडवलं, उजेडात धरलं आणि तळाचा हिरवट गाळ पाहिला. पाणी कुणी घातलं, त्यांनी हळूच विचारलं.

"मीच," नलिनीताई म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण मान ताठ होती. "एकदाही कमी पडू दिलं नाही."

डॉक्टरांनी मला पदराआड धरलं आणि नलिनीताईंच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, रोग्याच्या उशाशी माझ्यासारखी बाटली दिसली, तर तिच्यात भर घालू नका. सिस्टरांना बोलवा आणि ती रिकामी करून धुवायला सांगा. संपलं असेल तर संपलं म्हणा. एवढं मात्र साताऱ्यात राहणाऱ्या त्या बाईंना कुणी सांगू नका.